शून्याच्या काचा

आमच्या कसबा बावड्याच्या घरात धड सपाट जागा एकच होती, अण्णांचा कॅरम. फरशीला उतार होता, ओटा खडबडीत होता आणि टेबल नावाची वस्तू घरात नव्हती. त्यामुळे एम.फिल.च्या वर्षी सकाळचं काम मी कॅरमवर करायचे आणि संध्याकाळी त्याच कॅरमवर अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे तीन मित्र खेळायचे. तक्रार कुणाचीच नव्हती.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. अण्णा ज्या फौंड्रीत वाळूचे साचे भरायचे ती बंद पडली होती. अण्णा आणि त्यांचे तिघे मित्र तिथलेच, आमच्या गल्लीच्या आसपासचे होते. चौघेही एका दिवसात रिकामे झाले. सुरुवातीला ते सकाळी आवरून बाहेर पडायचे, दुसरीकडे काम बघायला. मग ते थांबलं. अण्णा दिवसभर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचे. बोलायचे नाहीत. आई ताट ठेवायची, ते जेवायचे. पाच वाजले की मात्र उठून कॅरम काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, पावडर टाकायचे, आणि बाकीचे तिघे आले की त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

"अरं राणी टाकतोयस का गोवऱ्या थापतोयस?"

"तुझ्यागत बाजूनं चोरटा न्हाई मारत मी."

यातला पहिला आवाज अण्णांचा. दिवसभराचं त्यांचं सगळं बोलणं त्या दोन तासांत व्हायचं. आई आतून चहा द्यायची, आणि मला हळूच म्हणायची, "जरा बोलतंय माणूस, तेवढंच बरं."

माझा विषय होता परागकण. फुलातली पिवळी पूड, इतकंच ते बहुतेकांना माहीत असतं. पण पराग जिवंत असतो. दुसऱ्या फुलावर योग्य जागी पडला की त्यातून एक बारीक नळी फुटते आणि आत वाढत जाते. ती वाढली तरच बी धरतं. या वाढीसाठी थोडीफार शिदोरी पराग बरोबर आणतो, पण ती पुरत नाही. कॅल्शियम, बोरॉन असली खनिजं त्याला जिथं पडला तिथून ओढून घ्यावी लागतात. त्याला मुळं नसतात, तरी घेतो. काचेवर साखरपाण्याचा थेंब ठेवून त्यात पराग सोडले आणि थेंबात नखाच्या टोकावरही दिसणार नाही इतकं थोडं बोरिक ॲसिड, म्हणजे बोरॉनच, असलं, तर नळ्या लांब आणि सरळ वाढतात. नसलं तर जेमतेम निघतात आणि टोकाशी फुटतात. किती दिलं म्हणजे पराग किती घेतो आणि किती वाढतो, हे मला मोजायचं होतं.

त्यासाठी काही काचांवर बोरॉन अजिबात घालायचं नाही. त्यांना आम्ही शून्याच्या काचा म्हणायचो. बाकी सगळ्या काचा त्यांच्याशी ताडून बघायच्या. शून्यच खोटं निघालं तर पुढचं सगळं खोटं.

पराग मी तेरड्याचे घेतले होते, कारण ते तासाभरात उगवतात. पण फूल उमललं की लगेच घ्यावे लागतात. बावड्यातून शहर बसनं विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागात पोचेपर्यंत ते शिळे व्हायचे. म्हणून परसात तेरड्याचे वाफे केले होते. उजाडताच फुलं खुडायची, कॅरमवर वर्तमानपत्र अंथरून काचा मांडायच्या, थेंब ठेवायचे, पराग सोडायचे, वर झाकणकाच ठेवायची. तास झाला की औषधाचा थेंब घालून वाढ थांबवायची आणि काचा डब्यात घालून विभागात न्यायच्या. तिथं सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी.

आणि मोजणीत शून्याच्या काचांवर नळ्या वाढलेल्या दिसायच्या. लांब, सरळ, एकही फुटलेली नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडम कडक होत्या. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "परत कर." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "पाणी तपास." पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि एकेक काच सरकवून पाहिली.

"चांगल्या काचेतसुद्धा बोरॉन असतं. त्यातून उतरत असेल."

मी साखरपाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत करायला लागले. फरक नाही. साखर बदलली. विभागातली साखर बंद बाटलीतून, बाहेरून यायची. ती बाटली बघून अण्णांचा एक मित्र, आमच्या शेजारच्या काकूंचा नवरा, म्हणाला होता, "कारखान्याच्या गावात ऱ्हाऊन साखर बाटलीतनं आणतीस व्हय गं? आम्हाला सांगायचं, पोतं टाकलं असतं दारात." सगळे हसले. अण्णाही हसले. मला हसू आलं नाही. कारखान्याच्या काजळीवरही मी संशय घेऊन पाहिला, पण पावसाळ्यात कारखाना बंद असतो, काजळी पडतच नाही.

श्रावण सरत आला तशी मॅडमनी दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं.

"हे बघ. तुझं शून्य उगवतंय. म्हणजे एकतर तुझ्या हातात स्वच्छता नाही, नाहीतर तू काचांची अदलाबदल करतेस. दुसरं मला वाटत नाही. पण समितीपुढं मला काय वाटतं याला किंमत नाही. तेरडा संपायच्या आत शून्य शून्यासारखं आलं पाहिजे. नाही आलं तर विषय बदल, पुढच्या वर्षी नव्यानं सुरू कर."

पुढचं वर्ष आमच्या घरात नव्हतं. अण्णांचा पगार बंद होता, माझ्या शिकवण्यांवर किराणा यायचा, आणि मिरजेचं एक स्थळ आईनं या एका वर्षाच्या बोलीवर थोपवून धरलं होतं. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या घरी सुनेनं शिकावं की नाही हा विषय कुणी काढलाच नव्हता, यावरून काय ते मला कळलं होतं. हे वर्ष गेलं असतं तर मी मिरजेला गेले असते आणि तिथंच राहिले असते.

त्यात शेजारच्या काकूंचा डोळा माझ्या तेरड्यावर. गौरी जवळ आल्या होत्या. काकूंचं घर मूळचं शेतकऱ्याचं, त्यांच्याकडे गौर मोठी बसायची. आमच्याकडे बुद्धाच्या तसबिरीपुढं उदबत्ती लागते, गौर येत नाही. काकू कुंपणावरून रोज विचारायच्या.

"तुमच्यात गौर न्हाई, गणपती न्हाई, मग एवढा तेरडा काय शिजवून खातीस?"

"काम आहे काकू माझं."

"कसलं काम? फुलं तोडतीस, पूड झाडतीस आणि टाकून देतीस. तेरड्याचा रंग तीन दिवस. तुझ्यात सडण्यापरीस माझ्या गौरीला दे की."

"माझं झालं की सगळा उपटून देते."

"गौर तुझं व्हायची वाट बघत बसती व्हय!"

त्याच आठवड्यात गल्लीत डोळे आले. घराघरात लाल डोळ्यांची माणसं. अण्णांनाही आले. सकाळी त्यांचे डोळे चिकटले होते, उघडेनात. मी नेहमीप्रमाणे कॅरमवर काचा मांडत होते. आईनं वाटीत कोमट पाणी घेतलं आणि फळीवरचा कॅरमच्या पावडरीचा डबा काढला.

"आई, ती कॅरमची पावडर आहे."

"मग? बोरिकच की ती. दुकानदार एकाच पोत्यातनं देतो, डोळ्याला म्हणा न्हाईतर कॅरमला म्हणा." आणि तिनं चिमूटभर पाण्यात टाकली. आता कुणी असं करू नये, पण तेव्हा घरोघर करायचे.

माझ्या हातात झाकणकाच होती. ती मी फडक्यानं पुसत होते. आजोबांचं जुनं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं धोतर आईनं फाडून त्याचे दोन तुकडे केले होते, एक अण्णांना कॅरम पुसायला, एक मला काचा पुसायला. दोन्ही फडकी दारामागच्या एकाच खिळ्याला असायची. एकाच बादलीत धुतली जायची. संध्याकाळी अण्णा हाताला लागेल ते ओढायचे, सकाळी मी.

विभागात बोरिक ॲसिडची बाटली कुलपात असायची. सही करून घ्यायची, तराजूवर तोलायची. आणि घरात आम्ही ते मुठीनं कॅरमवर उधळत होतो. पावसाळ्यात तर जास्तच, कारण ओल धरून सोंगट्या सरकत नाहीत. सगळे तिला नुसती पावडर म्हणायचे, आणि मीही नुसती पावडर म्हणायचे.

त्या दिवशी मी पराग सोडलेच नाहीत.

पहिल्यांदा मी फडकं बदललं. काचा नव्यानं धुतल्या, हात तीनदा धुतले, वर्तमानपत्राऐवजी प्लॅस्टिक अंथरलं. शून्याच्या काचांवर पहिल्यांदा काही नळ्या फुटलेल्या दिसल्या. काही. बाकीच्या वाढल्याच होत्या. म्हणजे कारण बरोबर होतं आणि उपाय अपुरा. पावडर फडक्यातच नव्हती. ती व्हरांड्याच्या जाळीवर होती, खिडकीच्या फळीवर होती, अण्णांच्या बाह्यांवर होती, रोज संध्याकाळी उडून रात्रभर खाली बसत होती. माणसाला ती दिसत नव्हती, परागाला सापडत होती. दुसरीकडे कुठं जाऊन काम करावं तर फुलं परसातच. वाफ्यांवर कळ्या मोजक्या राहिल्या होत्या.

मी गोष्टी फिरवून सांगत नाही. संध्याकाळी चौघे बसले होते तिथंच जाऊन म्हणाले, "अण्णा, कॅरम घरातनं हलवायला पाहिजे."

अण्णांचा स्ट्रायकर बोटाशी तसाच राहिला. "का?"

"तुमच्या पावडरीनं माझं काम नासतंय. परागकण ती ओढून घेतात. जे घालायचं नाही तेच त्यांना घरभर मिळतंय."

काकूंचा नवरा मोठ्यानं हसला. "ऐका! फौंड्री बुडाली, आता आमच्या कॅरमनं पोरीचं पीएचडी बुडतंय."

"एम.फिल.," मी म्हणाले.

"तेच ते. एवढुशा धुळीनं काय हुतंय?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "न्हाई मिळाली पावडर तर काय हुतं त्यास्नी?"

"नळी फुटते."

"वाळू धरायला बाइंडर कमी पडल्यावर साचा फुटतोय तसं." मग सोंगट्या गोळा करत म्हणाले, "किती दिस?"

"तेरडा संपेपर्यंत."

कुंपणापलीकडून काकू ऐकत होत्याच. "माझ्यात ठेवा की. ह्यास्नी तिथं खेळू दे. आणि पोरी, तुझं झालं की तेरडा माझा. बोल."

"चालेल," मी म्हणाले. मला तो सौदा उत्तम वाटला. दोन्ही बाजूंची सोय. घरापासून दहा पावलांवर खेळ चालू राहणार, माझं घर स्वच्छ होणार. अण्णांनी स्वतः कॅरम डोक्यावर घेतला आणि नेऊन दिला.

मी आणि आईनं व्हरांडा, जाळी, फळ्या, खिळा, सगळं पाण्यानं धुतलं. अण्णांचे सदरे उकळले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता अण्णा पलीकडे गेले आणि चहा व्हायच्या आत परत आले. आईनं विचारलं, "का आलासा?"

"डोळं चुरचुरतंय."

पुन्हा ते गेले नाहीत. पलीकडे त्यांना कुणी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. तसं काही असतं तर ते मित्र वर्षानुवर्षे आमच्या व्हरांड्यात आमच्या कपातला चहा प्यायले नसते. पण फौंड्रीत चौघे एका रांगेत उभे राहायचे आणि आमच्या व्हरांड्यात अण्णा यजमान असायचे. काकूंच्या कट्ट्यावर ते पाव्हणे होते. तिथं "या, बसा" म्हणेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि अण्णा आयुष्यभर तसं उभं राहायचं टाळत आले होते. बौद्ध घरातल्या त्यांच्या पिढीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी ते आधीच ओळखायला हवं होतं का, हे मला सांगता येत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा काचा होत्या.

तिकडे काकूंचा पुतण्या चौथा भिडू झाला. संध्याकाळी कुंपणापलीकडून सोंगट्यांचा आवाज यायचा. अण्णा भिंतीला टेकून ऐकायचे. पाच वाजता उठून उभे राहायचे, आणि काय करायचं ते न सुचून पुन्हा बसायचे. आई माझ्याकडे बघायची. मी काचा पुसत राहायचे.

गणपती आले त्या दरम्यान शून्याच्या काचा पहिल्यांदा शून्यासारख्या आल्या. पराग फुगले, जेमतेम नळी निघाली आणि टोक फुटून आतलं सगळं थेंबात सांडलं. एकामागून एक, सगळे तसेच. शेजारच्या काचेवर, बोरॉन दिलेले, लांबच लांब वाढलेले. मी तीन सकाळी तेच केलं, तिन्ही वेळा तेच आलं.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "हं. आता शून्य शून्यासारखं दिसतंय. काय होतं?"

"कॅरमची पावडर."

त्या मला इतकी वर्षं ओळखत होत्या, पण मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. "लिही प्रबंधात. काळजी घेण्याच्या गोष्टींत. पुढच्याला उपयोगी पडेल." मी लिहिलं. एक ओळ आहे.

त्याच संध्याकाळी तेरडा उपटून काकूंना दिला आणि म्हणाले, "आता कॅरम देऊन टाका."

काकूंनी मला आत नेलं. कॅरम चार विटांवर आडवा होता, त्यावर जरीचं कापड, कापडावर गणपती, आणि बाजूला गौरीची जागा मोकळी ठेवलेली.

"अगं, पाट लहान पडत हुता. हे कसं, चौकोनी आणि सपाट. ह्यास्नी म्हटलं, खेळ बंद करा चार दिस. आता विसर्जनापतोर हलवता येत न्हाई बघ. देवाखालचं कसं काढायचं?"

"काकू, तो अण्णांचा आहे."

"मग मी खातोय व्हय तुझ्या अण्णाचा कॅरम? गौर गेली की आणून देतो. आणि तुझा तेरडाबी आता त्याच्यावरच बसायचा."

सपाट जागेची गरज मला काही नवी नव्हती. मी परत आले. अण्णांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "देव हाय तवर राहू दे."

विसर्जन झालं, त्यानंतर काकूंच्या नवऱ्यानं कॅरम आणला. चांगला पुसून आणला होता, त्यात खोट नव्हती. पण समईचं तेल जरीच्या कापडातून खाली उतरलं होतं. मधल्या वर्तुळापासून एका खिशापर्यंत हाताच्या पंजाएवढा रुंद काळपट डाग, आणि हळदीचा पिवळा पट्टा. अण्णांनी कॅरम मांडला. खिळ्यावरचं त्यांचं फडकं घेतलं, पुसलं. काकूंचा नवराच समोर बसला. आईनं चहाचं आधण ठेवलं. मीही दारात येऊन उभी राहिले.

पहिल्या फटक्याला सोंगट्या पसरल्या आणि डागावर गेलेल्या तिथंच चिकटून थांबल्या. अण्णांनी डब्यातून पावडर टाकली. तेलात तिचा चिकट थर झाला. पुन्हा टाकली. राणी ढकलली, ती अर्ध्यावर गेली आणि थांबली.

"लई टाकू नगोस, पोरगी वरडंल," मित्र म्हणाला. थट्टाच होती.

"माझं झालंय काम, टाका," मी म्हणाले.

अण्णांनी आणखी एक फटका मारला. मग स्ट्रायकर खाली ठेवला.

"नवा घिऊया की," मित्र म्हणाला. "चौघं मिळून."

"आता कशाला," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मित्र आला नाही, बाकीचेही आले नाहीत. त्यांची पलीकडे बसायची सवय झाली होती, तिथं कॅरम नसला तरी पत्ते होते. कॅरम कपाटामागं गेला. माझा प्रबंध वेळेत झाला, मिरजेचं स्थळ दुसरीकडे जुळलं, पुढं मला कॉलेजात नोकरी लागली. पहिल्या पगारात मी नवा कॅरम आणला. चांगला, जाड फळीचा. अण्णांनी त्यावरून हात फिरवला, म्हणाले, "झकास हाय," आणि मला विचारलं, "तुझ्या कामाला न्हाई न्हवं चालत घरात?"

मी म्हणाले, माझं काम आता कॉलेजातच असतं, घरात कितीही पावडर उडाली तरी चालेल.

त्यांनी मान हलवली. पाच वाजता उठले, नवा कॅरम पुसला, सोंगट्या मधोमध लावल्या, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. मी कपडे बदलून आले आणि त्यांच्यासमोर बसले. मला खेळता येत नव्हतं. माझा नेम धड लागेना, सोंगट्या उडून खाली पडायच्या. चार-पाच फटक्यांनंतर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई, तुला वह्या तपासायच्या असतील."

तपासायच्या होत्याच. मी उठले.